ओल्या भिंतीपुढची अलमारी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी अलमारी आहे आणि मला एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. हा माझा स्वभाव नव्हे, माझ्या मागच्या डाव्या पायाचा दोष आहे. तो बाकीच्या तिघांपेक्षा अर्ध्या बोटाने आखूड आहे. कुणी जवळून चाललं तरी मी डुलते. दार उघडलं की कुरकुरते. दार लावलं तरी क्षणभराने ते आपोआप वीतभर उघडतं. लोक म्हणतात, लाकडाला मन नसतं. मन नसतं तर ही एवढी धाकधूक मला कुठे झाली असती, ते त्यांनी सांगावं.

मला शालिग्राम मिस्त्रीने घडवलं, बऱ्हाणपुरात, इतवारा पेठेतल्या त्याच्या दुकानात. लाकूड सातपुड्याचं, कड्या पितळेच्या, आत चार फळ्या आणि खाली दोन खण. शालिग्रामचा हात चांगला होता, पण जीभ हातापेक्षा चांगली होती. माझा चौथा पाय तासायला घेतला तेव्हा कुणीतरी गप्पा मारायला येऊन बसलं, आणि बोलण्याच्या नादात रंधा दोन हात जास्त फिरला. मी तेव्हाच ओरडले असते, पण लाकडाला आवाज फुटतो तो फार उशिरा. ज्या कापडवाल्यासाठी मला केलं होतं, त्याने मला बोट लावून पाहिलं, मी डुगडुगले, आणि तो उलट पावली निघून गेला.

पुढे तहसील कचेरीतल्या प्रभाकररावांनी मला घेतलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि कुसुमबाईंच्या साड्या ट्रंकेत मावत नव्हत्या. शालिग्राम स्वतः मला लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवायला आला. मी डुलते आहे हे पाहून प्रभाकरराव काही बोलणार, तेवढ्यात मिस्त्रीच म्हणाला, "अलमारी एकदम बराबर हाये, बाबूसाहेब. तुमची फरशीच तिरपी हाये." त्याने पायाखाली एक पाचर ठोकली आणि हात झटकले. मित्रांनो, पुढची बारा वर्षं त्या घरात सगळे जण फरशीलाच नावं ठेवत राहिले. दोष आहे तिथे न पाहता शेजारी पाहायची माणसांची ही खोड माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवी होती.

तरी ती बारा वर्षं माझी सुखाची होती. घर काही मोठं नव्हतं. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून नहाणीची मोरी. मी पुढच्या खोलीत खिडकीशेजारी उभी असे. माझ्या वरच्या फळीवर साड्या, मधल्या फळीवर प्रभाकररावांची कागदपत्रं, खालच्या खणात सुलभाची बाहुली, पाटी आणि चिंचोके. सुलभा ही त्यांची मुलगी. ती माझ्यासमोर रांगली, माझी कडी धरून उभी राहिली, आणि खिडकीखालच्या खाटेवर झोपू लागली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "सागवान आहे ना? वजनदार आहे हो!" माझ्या वजनाची स्तुती ऐकून मला उगाच फुशारकी वाटे. दसऱ्याला कुसुमबाई मला खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत आणि झेंडूची माळ घालत. त्या दिवशी मीसुद्धा शक्य तेवढी कमी कुरकुरत असे.

मग छप्पन साल आलं आणि सगळीकडे हलवाहलव सुरू झाली. राज्यांच्या हद्दी बदलणार, नागपूरची राजधानी जाणार, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात जाणार आणि आपलं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळला. कचेरीतल्या लोकांना विचारलं गेलं की कोण कुठे जाणार. प्रभाकररावांनी अकोला मागितलं. कुसुमबाईंचं माहेर तिकडचं. एक नोव्हेंबरला तिथे हजर व्हायचं होतं, आणि इथलं घर विकल्याशिवाय तिथे घर घेता येत नव्हतं. श्रावणापासून घरात एकच बोलणं, घर जल्दी विकलं पाहिजे. प्रभाकरराव येरझाऱ्या घालत आणि त्यांच्या प्रत्येक फेरीला मी डुलत असे.

घर दाखवायचं कसं, हे शिकवायला मधुकरमास्तर धावून आले. ते समोरच्या घरात राहत. त्यांनी ओळखीतली तीन लग्नं जमवली होती, त्यामुळे घर विकण्यातही आपल्याला गती आहे अशी त्यांची समजूत होती. "प्रभाकर," ते म्हणाले, "घर दाखवणं आणि मुलगी दाखवणं यात काही फरक नाही. जे बरं आहे ते उजेडात बसवायचं. जे बरं नाही त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं."

दुसऱ्या दिवसापासून घराला उटणं लागलं. चुन्यात नीळ कालवून भिंतींना दोन हात दिले. जोत्याला गेरू फासला. फुटलेली कौलं बदलली, दारांना तेल पाजलं, पितळेची भांडी चिंचेने घासून बाहेरच्या फळीवर मांडली. ती भांडी कधी वापरात नव्हती, पण मास्तर म्हणाले, घर भरलेलं दिसतं. घर चकचकीत झालं खरं. फक्त मधल्या खोलीची शेजाऱ्याकडची भिंत ऐकेना. तिच्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत ओलीचा एक डाग होता, गेल्या दोन पावसाळ्यांपासूनचा. चुना लावला की चार दिवसांत तो पुन्हा वर यायचा, पापुद्रे सुटायचे, हात लावला की पांढरी भुकटी झडायची. तीन वेळा चुना दिला, तिन्ही वेळा भिंतीने तो अंगावरून टाकून दिला.

"शेजाऱ्याच्या पन्हळीचं पाणी मुरतंय, दुसरं काही नाही," प्रभाकरराव म्हणाले. दोन वर्षं ते हेच म्हणत होते आणि त्यापायी शेजाऱ्याशी बोलणंही टाकलं होतं.

मधुकरमास्तर भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर वळली, पुढच्या खोलीत गेली आणि माझ्यावर येऊन थांबली. "हे कपाट इथं आणा," ते म्हणाले.

मित्रांनो, तो दिवस मी विसरत नाही. चौघांनी मला ओढलं, उंबऱ्यावरून आपटलं, आणि शालिग्रामने ठोकलेली पाचर वाटेतच कुठेतरी पडली. मला त्या भिंतीला पाठ टेकवून उभं केलं. सगळा डाग माझ्यामागे गेला. मास्तर चार पावलं मागे सरले, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "वा! जणू इथंच असायचं होतं." माझी पाठ मात्र तेव्हापासून गार पडली ती पडलीच. आयुष्यभर मी वस्तू सांभाळल्या होत्या. लपवायचं काम मला कुणी दिलं नव्हतं, आणि ते मला जमणार नाही असं सारखं वाटत होतं.

पुढची खोली आता चित्रासारखी दिसली पाहिजे होती. माझ्या जागी दोन खुर्च्या आणि भरतकामाचा रुमाल घातलेलं एक टेबल आलं. खिडकीखालची सुलभाची खाट काढून अंगणात उभी केली. आणि सुलभाची गादी मधल्या खोलीत आली, माझ्या पायाशी. महिन्याभराचाच तर प्रश्न आहे, असं कुसुमबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांत सुलभाला खोकला लागला. आधी नुसता कोरडा, मग छातीतून घरघर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोरीला कोरड्या जागी ठेवा. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकच उत्तर सुचलं की अकोल्याची हवा कोरडी आहे, तिथे गेली की बरी होईल, तेवढं घर लवकर विकलं पाहिजे. म्हणून घर आणखी टापटीप ठेवलं गेलं, म्हणून सुलभा आणखी काही दिवस त्या ओलीत झोपली. मी कुरकुरून कुरकुरून थकले. पण मी नेहमीच कुरकुरते, त्यामुळे खरं कारण असेल तेव्हाही माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही. तुमच्यात कुणाला उठसूट तक्रार करायची सवय असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

गिऱ्हाईकं येत होती. ती येणार असं कळलं की सुलभाला समोर मास्तरकाकूंकडे धाडत, कारण खोकल्याचा आवाज ऐकून कुणी काही विचारलं तर काय सांगणार?

"मी नाही जाणार रोज रोज," ती एकदा म्हणाली. "तिथं खेळायला येणाऱ्या सगळ्या पोरी पूछतात, तुला एवढी खांसी का होते म्हणून."

"त्यांना सांग, आइसफ्रूट खाल्लं."

"पण मी नाही खाल्लं."

कुसुमबाईंनी तिच्या वेणीची रिबीन घट्ट केली आणि तिला दाराबाहेर सोडलं.

एका गिऱ्हाइकाला दाराची दिशा आवडली नाही. एकाला स्वयंपाकघर लहान वाटलं. कुणी माझ्याजवळ आलं की प्रभाकरराव घाईघाईने त्याला खिडकीकडे वळवत. भाद्रपद गेला, पितृपंधरवड्यात तर कुणी फिरकलंच नाही. प्रभाकररावांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

नवरात्र बसलं तेव्हा धूलकोटहून देवराम आणि गोदाबाई आले. शेतकरी माणसं, कापूस आणि विहिरीवर थोडी केळी. त्यांची मुलगी उषा गावच्या शाळेत जेवढं शिकता येतं तेवढं शिकली होती. तिला पुढे शिकायचं होतं, म्हणून शहरात घर बघत होते. गोदाबाई पोरीला घेऊन इथे राहणार आणि देवराम शेती सांभाळून येऊनजाऊन असणार. मला ही माणसं पाहताक्षणी आवडली आणि त्यामुळेच माझी तगमग दुप्पट झाली. देवरामने घर बाहेरून पाहिलं. गोदाबाई सरळ आत आल्या आणि माझ्यापुढे थांबल्या.

"अलमारी भारी हाये व बाई," त्या कुसुमबाईंना म्हणाल्या. "हे बी देता का घरासंगं?"

"घराबरोबरच!" प्रभाकरराव मागून जवळजवळ ओरडले. "अलमारी बिलकुल हलवायचीच नाही!"

गोदाबाईंनी माझ्या पायाशी बोट दाखवलं. "मंग उषीची गोधडी इथं टाकीन. अलमारीत तिची पुस्तकं. निजल्या निजल्या हात पुरन तिचा." तिथेच सकाळपर्यंत सुलभाची गादी होती. कुसुमबाईंनी पदर सारखा केला आणि त्या चहा टाकायला निघून गेल्या.

घर पसंत पडलं. दसऱ्याला कागद करायचा ठरला. निघताना गोदाबाईंनी कनवटीची एक पुरचुंडी काढली. तिच्यात खडेमीठ होतं. "आमच्या घरची रीत हाये," त्या म्हणाल्या. "नव्या घरात पयले मीठ जाते. आठ दिवस राहू द्यायचं. मीठ कोरडं राह्यलं त घर चांगलं. मंग कागदाच्या दिवशी घर देनारनीनं अन् घेनारनीनं त्याच मिठाची चिमटी तोंडात घालायची. एकमेकीचं मीठ खाल्लं का भांडन नाही राह्यत." आणि त्यांनी ती पुरचुंडी माझ्या मधल्या फळीवर, अगदी मागे, पाठीच्या लाकडाला टेकवून ठेवली.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, मी काय करायचं? माझ्या पाठीच्या फळ्या दीड महिन्यात ओल पिऊन फुगल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरचुंडीखाली फळीवर पाणी साचलं होतं. कुसुमबाईंनी दार उघडलं आणि पाहिलं. मग त्यांनी फळी पुसली, पुरचुंडीचं कापड चुलीवर धरून वाळवलं, आपल्या बरणीतलं खडेमीठ त्यात बांधलं आणि पुरचुंडी जागेवर ठेवली. पाचव्या दिवशी तेही पाझरलं. त्यांनी पुन्हा बदललं. सातव्या दिवशी तिसऱ्यांदा बदलताना सुलभा गादीवर उठून बसली.

"आई, ते तर त्यांचं मीठ आहे ना? तू का बदलतेस?"

"तू झोप बरं. ताप आहे तुला."

"त्यांची उषा इथं झोपणार आहे?"

 कुसुमबाईंनी दार लावलं, ते माझ्या खोडीप्रमाणे पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा लावलं, आणि चौथ्यांदा उघडल्यावर त्या माझ्या फळीवर कपाळ टेकून रडल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. एका बाजूला स्वतःची पोर होती आणि दुसऱ्या बाजूला दुसरीची, आणि हातात दिवस उरले नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी मला तेलाने पुसलं, झेंडूची माळ घातली. देवराम, गोदाबाई आणि उषा सकाळीच आले. उषा सुलभाहून वर्षभराने मोठी असेल, बडबडी आणि भलती चौकस. मधुकरमास्तर कागदावर साक्ष घालायला नवी टोपी घालून बसले होते. सुलभा त्यांच्या घरी पाठवलेली होती. गोदाबाईंनी माझं दार उघडलं, पुरचुंडी हातावर घेतली आणि गाठ सोडली.

"कोरडं ठनठनीत!" त्यांचा चेहरा फुलला. "पाह्य व उषे, लक्ष्मीचं घर हाये." त्यांनी चिमूटभर मीठ तोंडात टाकलं आणि तळहात कुसुमबाईंपुढे केला.

कुसुमबाईंनी चिमूट उचलली. हात तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवला. मी डुलत होते. मास्तरांनी घसा खाकरला. प्रभाकरराव म्हणाले, "अगं घे ना. वेळ टळतेय."

"हे मीठ तुमचं नाही," कुसुमबाई गोदाबाईंना म्हणाल्या. "तुमचं मीठ तिसऱ्याच दिवशी पाणी झालं. मी तीनदा बदललं. या अलमारीच्या मागे भिंत ओली आहे. माझी मुलगी इथं झोपते. तिला महिन्याभरापासून खोकला आहे. तुम्ही आलात की मी तिला समोर पाठवते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुमची उषा इथं नका झोपवू."

"कुसुम!" प्रभाकरराव म्हणाले. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

गोदाबाईंनी जिभेवरचं मीठ गिळलं. मला वाटलं, आता ही बाई आभाळ डोक्यावर घेणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी कुठं हाये?"

उषा धावत जाऊन सुलभाला घेऊन आली. गोदाबाई खाली बसल्या, तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीला कान लावला.  मग त्या कुसुमबाईंना म्हणाल्या, "माह्या पोरीनं इथं निजू नाही म्हनून तू बोलली. लय चांगलं केलं. मंग तुयी पोरगी काहून निजवली इथं?"

मित्रांनो, कुसुमबाईंची नजर दारातून पलीकडे गेली. पुढच्या खोलीत भरतकामाचा रुमाल होता, दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि ते त्या खुर्च्यांवर पडलं होतं.

"म्या आता जे मीठ खाल्लं थे कोनाचं?" गोदाबाईंनी विचारलं.

"माझ्या बरणीतलं," कुसुमबाई म्हणाल्या.

"म्हनजे तुयं मीठ खाल्लं म्या. मंग त्याले जागावं त लागन. पोरीले मी धूलकोटले घेऊन जाते. आमचं घर मातीचं हाये, पन कोरडं हाये. तुमच्या कागदाचं काय थे मानसं पाह्यतीन."

 देवराम आता उठला, त्याने बाह्या सारल्या आणि प्रभाकररावांना म्हणाला, "धरा साहेब एक बाजू." दोघांनी मला ओढलं. मास्तरही नवी टोपी बाजूला ठेवून हात लावायला आले. मी भिंतीपासून सुटले तेव्हा माझ्या पाठीचा ओला भुसा जमिनीवर पडला आणि भिंत सगळ्यांसमोर आली. काळी, फुगलेली, पांढऱ्या खाराने भरलेली. उषा म्हणाली, "अरे बाप रे!" आणि ते त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

देवरामने भिंतीच्या पायाशी बोटभर माती उकरली आणि नाकाशी नेली. केळीला पाणी देणारा माणूस तो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघण्यातच त्याचं आयुष्य गेलेलं. तो मागच्या दाराने नहाणीत गेला, मोरीत घागरभर पाणी ओतलं, परत आला आणि वाट बघत बसला. थोड्या वेळाने उकरलेल्या जागी पाणी चढलं, तसा तो म्हणाला, "हे पन्हळीचं पानी नाही. याले साबनाचा वास हाये. तुमच्या मोरीचा खापरी नळ जमिनीत फुटला हाये, साहेब. शेजाऱ्याचं काही नाही. हे पानी तुमचंच हाये."

 दोन वर्षं प्रभाकरराव शेजाऱ्याशी अबोला धरून होते. दोन वर्षांत एकदाही कुणी भिंतीजवळ वाकून मातीचा वास घेतला नव्हता. चुना देण्यात जेवढा वेळ गेला त्याच्या चौथाईत तो नळ बदलून झाला असता. त्यांनी काही सारवासारव केली नाही. ते बाहेर गेले, आणि शेजाऱ्याचं दार त्यांनी वाजवलेलं मी ऐकलं.

त्या दिवशी कागद झाला नाही. देवराम म्हणाला, "भिंत वाळू द्या. संक्रांतीले येतो. वाळली त घेतो, नाही त राम राम." सुलभा गोदाबाईंच्या बैलगाडीत बसून धूलकोटला गेली. एक नोव्हेंबर आला. प्रभाकरराव एकटेच अकोल्याला जाऊन हजर झाले आणि खाणावळीत जेवू लागले. कुसुमबाई बऱ्हाणपुरात एकट्या राहिल्या. नवा नळ पडला. मी खोलीच्या मधोमध उभी, ना इकडची ना तिकडची. कुसुमबाई रोज सकाळी भिंतीला हात लावत, मग मागचं दार उघडं टाकून ऊन आत घेत. दर रविवारी धूलकोटकडची गाडी बाजाराला आली की त्या इतवाऱ्यात धावत जात आणि पोरीची खबर विचारून येत. एवढी बेचैनी मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. पण खरं सांगते, ती आधीच्या बेचैनीपेक्षा बरी होती. आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

संक्रांतीला भिंत वाळली होती. डाग होता, पण हाताला कोरडा लागत होता. सुलभा उन्हाने रापून आली, गालावर मांस चढलेलं. कुसुमबाईंनी तिला पोटाशी धरलं, तर ती म्हणाली, "आई, तू काहून रडू राह्यली?" सगळे हसले. कुसुमबाई तिच्या छातीवर कान ठेवून किती तरी वेळ ऐकत बसल्या. आत काही वाजत नव्हतं.

"पुन्हा मीठ ठेवता का?" त्यांनी गोदाबाईंना विचारलं.

"आता काय करायचं व मीठ?" गोदाबाई म्हणाल्या. "तुया तोंडाचा भरोसा हाये मले."

कागद झाला. प्रभाकरराव, कुसुमबाई आणि सुलभा अकोल्याला गेले. मी इथेच राहिले, कारण तसा शब्द दिलेला होता. देवरामने ती भिंत मोकळी सोडून मला बाजूला उभं केलं आणि पायाखाली बाभळीची जाड पाचर घातली. मी तरीही थोडी डुलते, पण आता त्याचा दोष फरशीला कुणी देत नाही.

तुम्हाला वाटेल, उषाची गोधडी लगेच माझ्या पायाशी पडली असेल. नाही. गोदाबाईंनी उषाला पुढच्या खोलीत, खिडकीखाली झोपवलं आणि स्वतःची वाकळ त्या भिंतीलगत अंथरली. मृग आला, आषाढ गेला, श्रावण-भाद्रपद गेले. चार महिने त्या भिंतीला पाठ लावून त्या तिथेच झोपल्या. रोज सकाळी उठून, ओल तर लागली नाही ना म्हणून पाठीवरचा लुगड्याचा पदर चाचपत आणि कामाला लागत. दसऱ्याला त्यांनी स्वतःची वाकळ उचलली आणि तिथे पोरीची गोधडी घातली. आई तिथे का झोपली, हे उषाला कधी कळलंही नाही.

मित्रांनो, घर दुसऱ्याला दाखवायची वेळ येते तेव्हाच आपण ते झाडतो, रंगवतो, सजवतो. एरवी त्यात आपलीच माणसं राहत असतात, म्हणून चालून जातं. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जड अलमारी भिंतीला चिकटून उभी असेल. पाहुण्यांची, गिऱ्हाइकांची वाट न बघता वर्षातून एकदा ती ओढा आणि तिच्यामागे हात लावून पाहा. ती कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नका. आणि तिच्या पायाशी तुमचं कुणी झोपत असेल, तर ती आजच ओढा.